गव्हाला दिवसातलं एक जेवण पुरे

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. जलद लोकलनं सव्वा-दीड तास, आणि गाडीत जागा मिळवण्यासाठी फलाटावर थांबायचं ते वेगळं. नायगावपासून विरारपर्यंतच्या घराघरांतला स्वयंपाक या वेळापत्रकाला बांधलेला आहे. पहाटे पाचच्या आधी कणीक मळली जाते, सहाच्या आत चपात्या डब्यात जातात. सोबत सुकी भाजी. डबा गर्दीत कलंडला तरी सांडत नाही आणि दुपारी गार झालेली चपातीही खाता येते. वसई-विरारच्या डब्यावर गव्हाची सत्ता आहे ती चवीपेक्षा या सोयीमुळे.

सोयीबद्दल तक्रार नाही. पण ती डब्यापुरती थांबलेली नाही, काळजी त्याची आहे. सकाळी चहाबरोबर बिस्किट, खारी किंवा टोस्ट. नाश्त्याला रव्याचा उपमा. दुपारी चपाती. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, घरी मुलांसाठी नूडल्स. रात्री पुन्हा चपाती. नावं वेगळी, चवी वेगळ्या, पण धान्य एकच. त्यातही पाव, बिस्किट, खारी आणि नूडल्स हा बहुतेक मैदा, म्हणजे कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला गहू. घरात चौरस आहार आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात दिवसातून पाच-सहा वेळा पोटात गहूच जात असतो.

हा मुलूख मुळात गव्हाचा नाही. उत्तर कोकणातला मुसळधार पाऊस आणि खाचरांची जमीन भाताला मानवते. भात कापला की उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी घ्यायची, हा इथला जुना शेतीक्रम. आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी, वारली अशा कितीतरी समाजांच्या चुली याच धान्यावर पेटत आल्या. तांदळाची भाकरी, केळीच्या पानात भाजलेली पानगी, घावणे, वालाचं बिरडं, नाचणीची आंबील हे इथलं रोजचं खाणं. आगाशीचं प्रसिद्ध भुजिंगसुद्धा निखाऱ्यावर भाजलेलं कोंबडीचं मांस पोह्यांत मिसळून होतं, म्हणजे तिथेही तांदूळच.

मग गहू इतका आत कसा शिरला? १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग लागू झालं, आणि भात खाणाऱ्या शहराला मिळेल त्या धान्यावर भागवणं भाग पडलं. पुढे १९५६च्या करारानंतर पीएल-४८० योजनेखाली अमेरिकी गहू येऊ लागला. १९६५-६६च्या दुष्काळात तर देशानं एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं, त्यात मोठा वाटा गव्हाचा. त्यानंतर हरितक्रांती झाली. १९६४-६५मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेलं देशाचं गव्हाचं उत्पादन आज अकरा कोटी टनांच्या वर आहे. या गव्हानं उपासमार टाळली, हे कुणीही नाकारू नये. पण टंचाईच्या काळात दारी आलेलं धान्य भरपूर धान्याच्या काळातही प्रत्येक खाण्यात राहावं, याला काही कारण उरलेलं नाही.

आरोग्याच्या अंगानं बोलताना मात्र तोल सांभाळायला हवा. गहू हे विष नाही. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाला गव्हातलं ग्लुटेन खरोखर सोसत नाही. त्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. अशांना गहू आणि जव पूर्ण सोडावेच लागतात. अगदी बाजारातल्या खड्याच्या किंवा पुडीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे त्यांना लक्षात ठेवावं लागतं. पण पोट बिघडतं म्हणून आधी गहू सोडायचा आणि मग डॉक्टरांकडे जायचं, हा क्रम चुकीचा. गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी फसवी येऊ शकते. शंका असेल तर आधी तपासणी, मग पथ्य.

बाकीच्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दिवसभराच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यातून येऊ नयेत. २,००० उष्मांकांच्या आहारात धान्य साधारण २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅमच्या आसपास आणि भाज्या ४०० ग्रॅम. आपल्या ताटातलं प्रमाण बहुतेक वेळा याच्या उलट असतं. म्हणून चार चपात्या काढून त्या जागी पांढऱ्या भाताचा डोंगर वाढला तर काहीच साधत नाही. मधुमेह असलेल्या घरात तर नुकसानच होईल. गहू कमी करायचा तो नाचणी, ज्वारी, वाल, मूग, चवळी आणि भाजी यांना जागा करून देण्यासाठी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या जवळजवळ दहापट. वाढत्या मुलांच्या आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या घरात हा फरक लहान नाही.

एवढं माहीत असूनही भाकरी मागे पडते, याचं कारण पहाटेच्या घड्याळात आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेनचं जाळं तयार होतं, कणीक ताणली जाते, चपाती भराभर लाटून होते. तांदळाच्या पिठात तो चिकटपणा नाही. त्याला उकड काढावी लागते. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ बांधून ठेवतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. हे सगळं जमवणारी बाई त्याच वेळी मुलांचे डबे भरत असते आणि स्वतःही ६.१२ किंवा ६.४०ची लोकल पकडणार असते. तिला ‘आपली भाकरी का सोडलीत?’ असं विचारणं हा अन्याय आहे. घरातल्या बाकीच्यांनी एक काम अंगावर घेतल्याशिवाय ताटातलं धान्य बदलत नाही.

आणि ते काम फार मोठंही नाही. रविवारी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे भाजून गिरणीतून दळून आणले की महिनाभराची भाजणी तयार. ते दळण आणायला नवरा किंवा कॉलेजातला मुलगा जाऊ शकतो. भाजणीत कांदा, कोथिंबीर, किसलेला दुधी घालून थालीपीठ थापायला चपातीइतकं कौशल्य लागत नाही, आणि ते डब्यात गार झालं तरी रुचतं. शनिवारी रात्री तांदूळ आणि उडीद वाटून ठेवले तर आंबोळीचं पीठ फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस सहज राहतं. घावणे तर पीठ आंबवायची वाट न पाहता होतात. आठवीतल्या मुलीला येतात तसे आठवीतल्या मुलालाही यायला हवेत. रव्याच्या उपम्याऐवजी पोहे करावेत. बिस्किटाऐवजी भाजलेले शेंगदाणे किंवा वसईचं केळं, यासाठी तर चूलही पेटवावी लागत नाही. डब्यातली चपाती हवी तर तशीच राहू द्यावी. गव्हाला ते एक जेवण द्यावं आणि नाश्ता, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं ताट त्याच्यापासून मोकळं करावं. थकून आलेल्या घरात रात्री मुगाची खिचडी कुकरमध्ये लावणं हे चपात्या लाटण्यापेक्षा सोपंच आहे.

पण सगळं घरावर टाकूनही चालणार नाही. स्टेशनाजवळच्या पोळीभाजी केंद्रांनी इथल्या नोकरदार बायकांचे कितीतरी तास वाचवले आहेत, त्यांचं मोल मोठं आहे. तिथे चपाती हमखास मिळते, भाकरीसाठी मात्र शोधावं लागतं आणि दामही जास्त मोजावा लागतो. दुसरीकडे याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत नाचणी आणि वरी पिकते, वाड्याच्या कोलमला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिकवणारा आणि खाणारा एकाच जिल्ह्यात आहेत, तरी त्यांच्यातला बाजार तोकडा आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचीही तरतूद आहे. पालघरच्या रेशन दुकानात नाचणी नियमित का असू नये, हा प्रश्न इथल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा. महापालिकेनं स्टेशन परिसरात महिला बचत गटांना भाकरी-थालीपीठ केंद्रांसाठी परवडणाऱ्या भाड्यात जागा द्याव्यात, आणि पीठ शक्यतो जिल्ह्यातल्या शेतकरी गटांकडून थेट घ्यावं. संध्याकाळी सातनंतर परतीच्या गाड्या रिकाम्या होतात, ती या केंद्रांची खरी वेळ. तेव्हा गरम भाकरी आणि वाटीभर बिरडं हाती मिळालं, तर रात्रीच्या चपात्या लाटायची गरज बऱ्याच घरांत उरणार नाही.