रोपांची पोच

मृग नक्षत्र लागण्यास आठ-दहा दिवसांचा अवकाश असताना आमच्या इमारतीच्या गच्चीवर जो देखावा दिसतो, तो पाहून एखाद्या परक्या गृहस्थाची खात्रीच व्हावी की, येथे दुधाचा काही तरी चोरटा व्यापार चालत असला पाहिजे. दाभणाने तळाशी भोके पाडलेल्या, दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू अशा मिश्रणाने निम्म्यावर भरलेल्या दुधाच्या पिशव्या तेथे पलटणीसारख्या ओळीने उभ्या असतात, आणि त्यांतून अक्षय तृतीयेच्या सुमारास पेरलेली मिरची, वांगी, तुळस व पपई आपापल्या मगदुराप्रमाणे डोके वर काढीत असतात. आम्ही सहा-सात जण, बहुतेक निवृत्तिवेतनावर असलेले, ही रोपे वाढवून मुहल्ल्यातील बालवाड्या, बचतगट, वाचनालये आणि मंडळे यांना विनामूल्य देतो. विनामूल्य या शब्दावर मात्र माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

पहिल्या वर्षी मी सकाळ-संध्याकाळ झारीने इतके पाणी घातले, की एके दिवशी पाहतो तो निम्मा वाफा जमिनीशी आडवा पडलेला. देठ मातीलगत कुजून गेलेले, वरची पाने मात्र अजून हिरवीगार. शेतकरी या रोगास ‘मर’ म्हणतात, आणि आमच्या गच्चीवर तिचे जनकत्व निर्विवादपणे माझ्याकडे जाते. तेव्हापासून झारी माझ्या हाती लागू नये अशी तजवीज मंडळींनी केली असून माझ्याकडे केवळ दप्तर सोपविले आहे.

या दप्तरामुळेच बी आणि रोप यांतील भेद मला उमगला. बहुतेक धान्या-भाज्यांचे बी थांबू शकते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे मडक्यांतून, राखेच्या सोबतीने जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या मडक्यांतील वालाला पुढच्या पावसाची वाट पाहण्यास काही हरकत नसते. जांभळाचे किंवा कडुलिंबाचे बी तेवढे उतावळे; फळ पिकल्यावर थोड्याच आठवड्यांत मातीत गेले नाही तर त्याची रुजण्याची शक्ती ओसरते. परंतु एकदा उगवलेले रोप, मग ते कोणत्याही कुळाचे असो, तारीख घेऊनच जन्माला येते. ती उलटली की मुळ्या पिशवीच्या तळाशी वेटोळे घालू लागतात आणि वीतभर मिरची पिशवीतच फुलावर येऊन आपला संसार उरकून टाकते.

हे संस्थांना पटविणे कठीण. गेल्या वर्षी एका संस्थेने चाळीस रोपांसाठी आमच्याकडून रीतसर अर्ज मागविला. रोपे आम्हीच देणार आणि अर्जही आम्हीच करणार, हा न्याय मी मुकाट्याने मान्य केला. अर्ज रुजू झाला, सभा एकदा तहकूब झाली, आणि मंजुरीचा कागद हाती आला तेव्हा श्रावण संपत आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी रोपे फार ठेंगणी म्हणून नाकारण्यात आली, कारण समारंभाच्या छायाचित्रात ती दिसली नसती. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलै महिन्यात खड्डा, फावडे आणि पाहुणा यांची गाठ पडत आली आहे. त्या प्रथेविषयी मला आदरच आहे, मात्र खड्ड्याची पुढच्या मे महिन्यात भेट घेणारा पाहुणा मी अद्याप पाहिलेला नाही. म्हणून आताशा आम्ही जागा किती आहे हे विचारीतच नाही. मे महिन्यात पाणी कोण घालणार, एवढेच विचारतो, आणि उत्तरादाखल समितीचे नाव आले तर रोपे हळूच मागे सरकवितो. माणसाचे नाव आले, तर देतो.

पपईच्या बाबतीत अपराध आमचा होता. एका बचतगटाला आम्ही मोठ्या ऐटीने एकच रोप दिले. त्या भगिनींनी ते भांड्यांच्या पाण्यावर पोसले, आणि फुलावर आल्यावर ते नर निघाले. गावठी पपईचे लिंग फुलोऱ्यापूर्वी ओळखता येत नाही, म्हणून एका जागी तीन रोपे लावून पुढे निवड करावयाची असते, हे ज्ञान आम्हाला त्या गटाच्या अध्यक्षबाईंनी, फारसा मुलाहिजा न ठेवता, दिले.

आमच्या वहीतील पोचेचा रकाना बहुधा कोराच असतो. आमच्या मागच्या गल्लीत एक अंगणवाडी आहे. तिला अंगण नाही, केवळ एक मोरी आणि तिच्या कडेला हातभर ओली जमीन. तेथील ताईंनी गतवर्षी पंचवीस रोपे नेली, आणि मुले जेवणापूर्वी हात धुतात त्याच पाण्यावर वांगी धरली. परवा त्या जिना चढून गच्चीवर आल्या आणि धुऊन, वाळवून, सुतळीने बांधलेला रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

“काका, बावीस आहेत. तीन उंदरांनी नेल्या, तेवढ्या वहीत मांडून ठेवा. आणि या वेळी पपई द्याल तर तीन द्या.”