रामगढची वस्ती कुठे गेली?

‘शोले’ला १५ ऑगस्ट २०२५ रोजी ५० वर्षे झाली. जुन्या सिनेमांचे चाहते जमले की गब्बर, जय-वीरूवर तासन् तास बोलतात. त्यात आपली मुलेही असतात; गैर काही नाही. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. रामगढात मंदिर आहे, मशीद आहे, ठाकूरची हवेली आहे. मग गावकुसाबाहेरची वस्ती कुठे आहे? ठाकूरला सारा गाव जातीच्याच नावाने हाक मारतो, तरी जात कुणाला दिसत नाही!

पडद्यावर ‘अँग्री यंग मॅन’ गाजत होता, तेव्हा खरा संतप्त तरुण मुंबईच्या रस्त्यावर होता. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, १९७४ साली वरळीची दंगल झाली. त्या तरुणाला नायक करण्याचे धाडस धंदेवाईक हिंदी सिनेमाने दाखवले नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) शेवटी एक निनावी पोर जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) दगड मारणाऱ्याला नावही आहे, जातही आहे. त्याला जवळपास ४० वर्षे लागली.

सिनेमा जरूर पाहा, टाळ्याही वाजवा. पण साक्षीदाराची घेतात तशी त्याची उलटतपासणी घ्या. जे दाखवले त्याची आणि जे दडवले त्याचीही!