लोणार ही खाणसुद्धा होती : तळ्यात रोबो सोडण्याआधी प्रश्न ठरवा

१/ पाण्याने भरलेल्या बेवारस खाणींत कॅमेऱ्याचा रोबो सोडून तेथील बोगदे दाखवणाऱ्या चित्रफिती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. अशा चित्रफितींखाली मराठी मंडळींची एक प्रतिक्रिया असते : "आपल्या लोणारमध्ये हे सोडा, मग कळेल खाली काय दडले आहे." मागणी मला मान्य आहे. तिच्यामागचा विचार मान्य नाही. हा थ्रेड त्याविषयी.

२/ 'काय दडले आहे' याची लोकप्रिय उत्तरे ठरलेली आहेत : उल्केचा तुकडा, बुडालेले मंदिर, होकायंत्र फिरवणारी शक्ती, 'नासालाही न सुटलेले कोडे'. माझे म्हणणे वेगळे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे तळे काही शतके क्षारांची खाण होते. ती खाण थांबली, विस्मृतीत गेली, आणि आज तिच्यावर पाणी आहे. आकाशातून काय पडले हे आपण हजारदा विचारले. तळातून काय काढले गेले आणि कोणी काढले, हे विचारतच नाही.

३/ आधी कोड्याविषयी. लोणार ज्वालामुखीने बनले की आघाताने, हा वाद खरोखर होता. १८९६ साली जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने अॅरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला, तो ज्वालामुखीच्या बाजूने. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात आघाताचे पुरावे मांडले. प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच येथे मिळाली होती. वाद तेथे निकाली निघाला.

४/ वयाचा प्रश्न मात्र अजून चर्चेत आहे : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. हा शास्त्रातला प्रामाणिक मतभेद आहे, गूढ नव्हे. राहिले होकायंत्र. बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजे असतात. एवढ्यावर रीळ बनत नाही, म्हणून 'शक्ती' आणावी लागते.

५/ आता ज्या कागदाकडे कोणी वळत नाही, तो पाहू. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. 'ऐन-इ-अकबरी'मधील वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारातील लोणारची नोंद आहे. हे तीर्थक्षेत्र असल्याचे अबुल फजल सांगतो. त्याच नोंदीत तो हेही सांगतो की साबण आणि काच करण्याचे साहित्य येथे मिळते, सोऱ्याचेही उत्पादन होते आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो.

६/ तीर्थ आणि महसूल, दोन्ही एकाच परिच्छेदात. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला यात विसंगती वाटली नाही. आज आपल्या माहितीफलकांवर, सहलींच्या पुस्तिकांत आणि थ्रेडमध्ये तीर्थ उरले, उल्का आली आणि उत्पादन गळाले. इतिहासलेखनातली ही गळती आपोआप होत नाही. काय सांगण्यासारखे आहे, हे कोणीतरी ठरवत असते.

७/ हे उत्पादन होत कसे असे? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर म्हणजे बंद वाडगा. झरे आणि पावसाचे पाणी खडकांतील विरघळलेले क्षार घेऊन आत येते. बाहेर जायला वाट नाही. पाण्याची फक्त वाफ होते, क्षार मागे राहतात. म्हणून हे पाणी खारट तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मीही आहे. उन्हाळ्यात तळे आटले की काठच्या गाळावर आणि उथळ तळाशी सोड्याचे थर धरत.

८/ या थरांना नावे होती : डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ढेकूळ वेगळे, मिठाचा अंश जास्त असलेले ढेकूळ वेगळे, पातळ पापुद्रा वेगळा, गाळमिश्रित भुकटी वेगळी. प्रयोगशाळा येण्याआधी डोळ्यांनी, बोटांनी आणि जिभेने केलेले हे खनिजांचे वर्गीकरण आहे. ते करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला पाठ नाही. १८२३ साली येथे आलेल्या जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव मात्र प्रत्येक लेखात 'शोधक' म्हणून असते. शोध कसला? तेथे माणसे कामावर होती.

९/ कामही सोपे नव्हे. सोड्याचे पाणी कातडीवरचे तेल काढून घेते. धुण्याच्या सोड्यात तासभर हात घालून पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, वाऱ्याला अडसर असलेल्या दीडशे मीटर खोल वाडग्यात, दिवसभर चिखलात उभे राहून ढेकळे काढणे, ती वाळवणे आणि कड्यावरून वर नेणे. लोणारच्या इतिहासाचा हा घामाचा भाग आहे.

१०/ आक्षेप येईल : "तलावाला खाण कसे म्हणता? बोगदा कुठे आहे?" बोगदा हे खाणीचे लक्षण नव्हे. जमिनीतून खनिज काढणे हे लक्षण आहे. केनियातील मगाडी तलावाच्या तळातून शतकाहून अधिक काळ सोडा काढला जातो आणि जग त्याला बिनदिक्कत खाणकाम म्हणते. तेथे कंपनी आणि यंत्रे होती, येथे टोपली आणि कुदळ होती. फरक तेवढाच.

११/ लोणार एकाकीही नव्हते. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केले जाई. १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला, तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, याच खाऱ्या पाण्याच्या आधाराने. वऱ्हाडात क्षार हा जगण्याचा आणि राजकारणाचा विषय होता.

१२/ आख्यायिकासुद्धा हेच सांगते. विष्णूने येथे ज्या असुराला मारले त्याचे नाव लवणासुर. लवण म्हणजे मीठ. गावाच्या नावातही तेच मीठ आहे. लोककथेने जे जपले ते आपल्या 'माहितीपूर्ण' लेखांनी सोडून दिले. कथा खरी की खोटी यावर आपण भांडतो आणि तिच्या नावात उघड लिहिलेला व्यवसाय वाचत नाही.

१३/ वसाहती सरकारला हा व्यवसाय चांगलाच दिसत होता. १९१२ साली ला टूश आणि क्रिस्टी यांचे लोणारवरील लेखन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात आले. त्यात भूशास्त्राबरोबर सोड्याच्या साठ्यावर स्वतंत्र टिपण आहे. पण तोपर्यंत युरोपात सॉल्व्हे पद्धतीने साध्या मिठापासून स्वस्त सोडा बनू लागून अर्धशतक होत आले होते. पुढे १९३९ साली मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली. कारखान्याच्या पोत्यापुढे टोपलीतला डल्ला टिकणे अवघड होते.

१४/ आता रोबोकडे वळू. पाण्याखालच्या खाणींसाठी बनवलेल्या यंत्रांत यूएक्स-१ हे नाव महत्त्वाचे आहे. युरोपीय संघाच्या २०१६ ते २०१९ मधील प्रकल्पात बनलेला हा सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचा गोल रोबो. फिनलंड, स्लोव्हेनिया, पोर्तुगाल आणि इंग्लंडमधील बुडालेल्या खाणींत त्याची चाचणी झाली. इंग्लंडमधील एक्टन येथील तांब्याच्या खाणीचे खालचे भाग दीडशेहून अधिक वर्षे पाण्याखाली होते. रोबोने तेथे उतरून नकाशा काढला.

१५/ या रोबोवर कॅमेऱ्याखेरीज सोनार होते, लेसर मोजणी होती, पाण्याचे नमुने घेण्याची सोय होती. कारण गढूळ पाण्यात कॅमेरा लवकर आंधळा होतो. आणि प्रत्येक ठिकाणी आधी काम झाले ते जुन्या नकाशांवर. खाण कोणी खणली, कुठवर खणली, केव्हा सोडली, हे कागद रोबोच्या आधी पाण्यात उतरले, असे म्हणायला हरकत नाही.

१६/ कागद नसले तर काय होते? १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातील कसान येथील कोळशाच्या बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले. नौदलाने पाण्याखालचा रोबो उतरवला. पहिला मृतदेह त्याला दिसला तो थेट जानेवारी २०१९ मध्ये. उंदराच्या बिळांसारख्या त्या बोगद्यांचा नकाशाच उपलब्ध नव्हता. यंत्र होते, पण कुठे शोधायचे हे सांगणारी नोंद नव्हती.

१७/ त्याआधी २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेले पाणी चालू खाणीत फुटले आणि ३७५ कामगार गेले. सोडलेली खाण विसरण्याची किंमत इतकी असू शकते. लोणारला असा धोका नाही. पण बंद पडलेल्या कामाची नोंद ठेवणे हा छंद आहे, असे समजणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

१८/ म्हणून लोणारच्या रोबोला काय विचारायचे ते आधी लिहून काढू. क्षार उचलल्याच्या खुणा तळाच्या उंचसखलपणात टिकल्या आहेत का? काठच्या मंदिरांच्या पायऱ्या आणि ओटे पाण्याखाली कुठपर्यंत जातात? जुन्या काठाच्या रेषा कोणत्या उंचीवर आहेत, म्हणजे तळे केव्हा किती आटत असे? या प्रश्नांना सोनार उत्तरे देऊ शकतो. 'काय दडले आहे' या प्रश्नाला कोणतेही यंत्र उत्तर देत नाही. ते फक्त हिरवट धुके दाखवते आणि खाली प्रतिक्रिया वाढतात.

१९/ हिरवट, कारण लोणारचे पाणी सूक्ष्म शैवालांनी भरलेले आहे. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात कारण मिळाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ झाले. म्हणून हौशी मंडळींना स्पष्ट सांगतो : दुसऱ्या धरणात फिरवलेला ड्रोन आणून येथे सोडू नका. बाहेरचे जीव आणि बाहेरचे पाणी या तळ्याला नको आहे. हे अभयारण्य आहे. काम व्हायचे ते परवानगीने, निर्जंतुक उपकरणांनी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना सोबत घेऊनच.

२०/ "मग घाई कशाला?" घाई आहे. गेल्या काही वर्षांत पातळी वाढून पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पोचले. ज्या काठावर क्षार वेचला जाई तो काठ आता उघडा पडत नाही. पाणी वाढले की उपाययोजना येतात : उपसा, गाळ काढणे, सुशोभीकरण. त्यांतील काही गरजेचे असेलही. पण नोंद न करता गाळ काढणे म्हणजे दफ्तर न वाचता रद्दीत घालणे. मोजणी आधी, यंत्रसामग्री नंतर, एवढाच क्रम मागतो आहे.

२१/ याच जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे जून २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती मिळाली. सगळ्यांनी छायाचित्रे पाठवली, मीही पाठवली. मूर्तीचा आनंद खराच आहे. पण सोड्याच्या ढेकळाला चेहरा नसतो, म्हणून ते पुराव्याच्या यादीतून वगळायचे का? राजे आणि देव यांच्यापलीकडे बुलढाण्याला इतिहास आहे असे आपण म्हणतो, तर तो दाखवण्याची जागा हीच आहे.

२२/ "खर्च परवडेल का?" तळे उथळ आहे. शेकडो मीटर खोल खाणीसाठी लागणारे महागडे यंत्र येथे नको. दोरीला बांधलेला लहान रोबो आणि नावेवरचा सोनार पुरेल. महाग आहे ते दुसरे काम, आणि त्याला पैसे नव्हे तर माणसे लागतात : महसुली दफ्तरे, गॅझेटियर, जुने भूवैज्ञानिक अहवाल वाचून क्षाराच्या कामाची साखळी लावणे. विद्यापीठांत आपण इतके जण इतिहास शिकतो. यातून एक चांगला प्रबंध सहज उभा राहील.

२३/ आणि एक काम आजच करता येईल. लोणार, मेहकर, सुलतानपूर या पट्ट्यातल्या वाचकांनी घरातल्या वृद्धांना डल्ला, खुप्पल, भुस्की हे शब्द विचारावेत. कुणाच्या आजोबांनी ऐकले असतील, कुणाच्या आजीने कपडे धुताना वापरले असतील. जे मिळेल ते तारीख, गाव आणि सांगणाऱ्याच्या संमतीसह लिहून ठेवा. रोबोला परवानगी मिळायला वर्षे लागतील. आजी-आजोबांना विचारायला परवानगी लागत नाही, आणि ती माणसे आपल्यासाठी वर्षानुवर्षे थांबणार नाहीत.

(थ्रेड समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण पुराव्यासह. होकायंत्राच्या चित्रफिती कृपया पाठवू नका.)