हक्काचे काम आणि अज्ञात कर

२०१६ साली डेन्मार्कच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आपल्या समाजाची अधिष्ठानभूत मूल्ये कोणती, हा प्रश्न थेट नागरिकांपुढे ठेवला. आणि त्यांच्या सूचना व मते घेऊन जी दहा मूल्ये निश्चित झाली, त्यांत स्वातंत्र्य, परस्परविश्वास आणि कायद्यापुढील समता यांच्या पंक्तीला कल्याणकारी समाजव्यवस्थाही बसली. त्या यादीत ख्रिस्ती वारसाही आहे, आणि बाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेल्या मुसलमान कुटुंबाने तो आपला कसा म्हणावा, हा प्रश्न मला अनुत्तरित वाटतो. तथापि जागतिक आनंद-अहवालात वर्षानुवर्षे अग्रभागी राहणारे हे राष्ट्र परस्परसाहाय्याला सरकारची मेहरबानी न समजता स्वतःचे मूल्य समजते, ही गोष्ट चिंतनीय आहे. खरेदीवर पंचवीस टक्के कर मोजणाऱ्या तेथील माणसाला तो पैसा आपल्याच शाळा-इस्पितळांत उतरतो हे ठाऊक असते; त्याच्या समाधानाचे मूळ मला ऐश्वर्यापेक्षा या जाणिवेत अधिक दिसते.

परस्परसाहाय्याचा असाच एक सामाजिक करार महाराष्ट्रानेही एकदा केला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला, आणि पुढे ज्याला आमच्या कन्नड तालुक्यात आणि साऱ्या मराठवाड्यात अजूनही नुसते ‘बहात्तर’ म्हणतात, त्या दुष्काळाने या विचाराची कठोर परीक्षा घेतली. कालपर्यंत स्वतःच्या बांधावर उभा राहणारा कुणबी खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती उपसायला गेला, घरच्या लेकीसुना पाट्या वाहू लागल्या, मुकादमाच्या हजेरीपटावर एकेका गावची सगळी आडनावे उतरली, आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर लेकरे जगली. १९७३च्या ऐन उन्हाळ्यात राज्यातील अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. या अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, आणि स्त्री-पुरुषांस कामाचा एकच दर, अशी त्याची तजवीज होती. देशाला असा कायदा करण्यास २००५ साल उजाडले.

परंतु माझ्या मते या योजनेचा खरा नैतिक गाभा तिच्या खजिन्याच्या व्यवस्थेत आहे. १९७५ साली राज्याने नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसवला तो मुख्यत्वे या कामांसाठी, आणि त्याच्या निव्वळ वसुलीइतकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी अशी कायद्यात तरतूद केली. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाने देवगाव रंगारीच्या शेतमजुराच्या चुलीची जबाबदारी पत्करावी, इतका उदात्त हा संकल्प होता. आजही पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे मिळून वर्षाकाठी अडीच हजार रुपये कापले जातात. पण ते का कापले जातात, हे आमच्या शहरी बंधुभगिनींना कोणी समजावून सांगितले आहे काय? देणाऱ्याला आपण काय देतो हे कळत नाही, आणि घेणारा हक्काच्या कामासाठी कचेरीच्या दारात याचकासारखा हात जोडून उभा राहतो, अशा स्थितीत कायदा उत्तम असूनही त्यातून आपुलकी निर्माण होत नाही. डेन्मार्कमध्ये मात्र लोकविद्यालयांची चळवळ १८४४ सालीच सुरू झाली. कल्याणकारी राज्याच्या पुष्कळ आधी तिने तेथील शेतकऱ्याला सार्वजनिक प्रश्नांवर बोलते केले. आपण कायदा आधी केला आणि हे लोकशिक्षण राहूनच गेले.

ते आता तरी व्हावे. पगारपत्रकावर त्या कपातीपुढे तिचे प्रयोजन स्वच्छ मराठीत छापण्यास शासनाला फारसा खर्च येणार नाही. गावात ग्रामसभेने याहून कठीण काम अंगावर घ्यावे: कामाच्या मागणीचा नमुना चार भरून देणाऱ्या प्रत्येक मजुराला तारखेची पोच त्याच दिवशी मिळते की नाही, हे जातीने पाहावे, कारण पोचेवर तारीख नसेल तर कायद्याचे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.