सातत्याची किंमत कोण भरतो? अ‍ॅफिलिएट मार्केटिंग आणि आपले तरुण

मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत नेमाने येणारा एक तरुण यायचा बंद झाला. बी.कॉम. झालेला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. चौकशी केली तर कळले की तो दिवसभर घरीच मोबाइल घेऊन बसतो आणि ऑनलाइन बिझनेस करतो. चार महिन्यांनी तो आमच्याकडे आला तो वही घेऊनच. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर ३८,००० रुपये खर्च झाले होते. कमिशन म्हणून हातात पडले होते ११,२००. खर्चातले २०,००० आईने बचत गटातून उचलून दिले होते आणि त्याचा हप्ता सुरू झाला होता. एवढे होऊनही त्याला वाटत होते की चूक त्याचीच आहे. ज्याच्याकडून तो हे शिकला त्याने बजावले होते, "टेस्टिंग मध्येच सोडतो तो हरतो."

उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये अभ्यासिका आणि बचत गटांचे काम करताना असे हिशोब आता आमच्यासमोर वरचेवर येतात. सरकारी भरती रखडते, खासगी नोकरीत बारा तास राबून हातात थोडकेच पडते, आणि मोबाइलवर रोज कोणीतरी घरबसल्या कमाईचे स्क्रीनशॉट दाखवतो. अशा वेळी तरुण तिकडे वळले तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या धंद्याचे गणित त्यांच्यापुढे कोणी मांडत नाही. ते आम्ही इथे मांडत आहोत.

धंदा खोटा नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग हा मुळात प्रामाणिक धंदा आहे. दुसऱ्याची वस्तू आपण सुचवायची, आपल्या नावाची लिंक द्यायची, त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की विकणारी कंपनी आपल्याला कमिशन देते. विमा एजंट किंवा घर भाड्याने मिळवून देणारा दलाल हेच करतो. अ‍ॅमेझॉनने आपली अशी योजना १९९६ मध्ये सुरू केली. म्हणजे हे काही काल उगवलेले खूळ नव्हे.

लिंक लोकांपर्यंत नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हळूहळू चालणारा: व्हिडिओ करा, लिहा, लोकांचा विश्वास मिळवा, मग ते तुमच्या लिंकवरून घेतील. दुसरा झटपट: जाहिरात कंपनीला पैसे देऊन लोक आपल्या लिंकवर आणा. यालाच पेड ट्रॅफिक म्हणतात. आमच्या तरुणाला दुसरा मार्ग शिकवला गेला होता, कारण त्यात निकाल लवकर दिसतो. पण पैसे जाण्याचा वेगही त्यातच जास्त असतो.

क्लिकचा हिशोब

एक साधे उदाहरण घेऊ. समजा २,००० रुपयांची वस्तू आहे आणि कमिशन ५ टक्के, म्हणजे एका विक्रीमागे १०० रुपये. जाहिरातीवरचा एक क्लिक ४ रुपयांना पडतो. ३०० क्लिक आणले तर १,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,४१६ रुपये. शंभरातल्या दोघांनी खरेदी केली तर ३०० क्लिकमधून ६ विक्री झाल्या. कमिशन झाले ६०० रुपये. त्यातल्या एकाने वस्तू परत केली तर ५००. म्हणजे ९१६ रुपयांचा तोटा. खर्च नुसता भरून निघायलाही शंभरातल्या जवळपास पाच जणांनी खरेदी केली पाहिजे. मोबाइल चाळता चाळता जाहिरातीवर बोट पडलेल्या माणसाकडून ही अपेक्षा फार मोठी आहे.

त्यात अटी वेगळ्याच. अ‍ॅमेझॉनवर साधारणपणे लिंक उघडल्यापासून २४ तासांच्या आत वस्तू कार्टमध्ये टाकली तरच कमिशनचा हक्क राहतो. "पगार झाला की घेतो" म्हणणारा ग्राहक आपल्या हिशोबातून गळतो, आणि आपल्या लोकांत असे ग्राहकच अधिक. गुगल शोधातली जाहिरात विकत घेऊन ग्राहकाला थेट अ‍ॅमेझॉनवर पाठवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे. जाहिरातीचे पैसे यूपीआयने आज भरावे लागतात, कमिशन मात्र महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी खात्यात येते. मधल्या काळात धंदा चालवायचा तर गाठीला पैसा हवा. शिवाय दर ठरवणे आपल्या हातात नाही. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचे कमिशन ८ वरून ३ टक्क्यांवर आणि किराण्यावरचे ५ वरून १ टक्क्यावर आणले. अनेकांचे उत्पन्न त्या एका निर्णयाने कोसळले.

टेस्टिंग म्हणजे ठरवून केलेला तोटा

यावर शिकवणाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: चालणारी जाहिरात सापडेपर्यंत टेस्टिंग करत राहा. हे उत्तर चुकीचे नाही, अर्धवट आहे.

जाहिरात चांगली असून शंभरात दोन विक्री देणारी असली, तरी पहिल्या ५० क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता तिनात एकाहून थोडी जास्त असते. म्हणजे २०० रुपये टाकून "ही चालत नाही" असे ठरवणे ही चाचणी नव्हेच. निदान तीनशेक क्लिक पाहिल्याशिवाय काही कळत नाही. वरच्या हिशोबाने एका जाहिरातीला १,४१६ रुपये. चित्र बदलून, मजकूर बदलून, वस्तू बदलून दहा जाहिराती तपासल्या तर १४,१६० रुपये. त्यातल्या बहुतेक पडणारच असतात आणि एखादी चालते. चालली तर तिच्यावर जास्त पैसे लावायचे, आणि काही आठवड्यांनी लोकांना तीच जाहिरात पाहून कंटाळा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ज्याच्याकडे दोन-तीन लाख रुपये बाजूला पडलेले आहेत, त्याच्यासाठी हे १४,१६० रुपये म्हणजे शिकण्याची फी. वस्तीतल्या कित्येक घरांसाठी तो महिनाभराचा खर्च आहे. दोघांची मेहनत सारखी, चिकाटी सारखी, हुशारीही सारखी. तरी पहिला विसाव्या प्रयत्नापर्यंत टिकतो आणि दुसरा आठव्याला थांबतो, कारण आठव्यापर्यंत त्याच्या घरातला गॅस संपलेला असतो. नंतर पहिल्याच्या यशाला सातत्य म्हणतात आणि दुसऱ्याच्या अपयशाला धरसोड. समाजशास्त्र शिकताना आम्ही भांडवल हा शब्द पुस्तकात वाचला. बाप किती नुकसान सोसू शकतो हेही मुलाचे भांडवलच असते, हे वस्तीत काम करताना कळले.

ग्रुपवर येणाऱ्या लिंक

विहाराच्या आणि जयंती मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या लिंक पाहा. त्यात मिक्सर, पुस्तके फारशी नसतात. डिमॅट खाते, झटपट कर्ज, ट्रेडिंग आणि गेमिंग यांच्या लिंक असतात. याचे कारण वरच्याच गणितात आहे. समजा एक खाते उघडून दिल्यावर थेट ४०० रुपये मिळतात. मग ३०० क्लिकमधून चार खाती उघडली तरी जाहिरातीचा खर्च वसूल होतो. मिक्सरच्या लिंकने बुडालेला मुलगा साहजिकच इकडे सरकतो. तो वाईट असतो म्हणून सरकतो असे नाही, वहीतले आकडे त्याला ढकलतात.

पण त्या लिंकच्या पलीकडे काय आहे? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. आपण ज्या भावाला खाते उघडून दिले तो यात कुठे असेल, हा प्रश्न ४०० रुपये घेताना पडायला हवा. सम्यक आजीविका म्हणतात ती याच प्रश्नापासून सुरू होते.

पैसे लावून खेळायच्या गेमबाबत तर आता कायदाच झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा गेमच्या जुन्या लिंक अजूनही फिरवणाऱ्या मुलांना आमचे सांगणे आहे की त्या आजच काढून टाका. पोलीस ठाण्यात "मी फक्त लिंक पाठवली" हे उत्तर चालणार नाही.

शिकवण्याचाच धंदा

या क्षेत्रात सर्वांत हमखास कमाई कोणाची, तर शिकवणाऱ्यांची. काही ठिकाणी तर प्रकार असा असतो की काही हजारांचा कोर्स घ्या आणि तोच कोर्स दुसऱ्याला विका, त्यावर भरघोस कमिशन मिळवा. विकायला दुसरे काहीच नसते. ज्याला कोर्स विकला तोही पुढचा गिऱ्हाईक शोधत फिरतो, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक असतात मावशी, मामा, मित्र. माणसे जोडण्यावरच कमाई अवलंबून असणाऱ्या योजनांवर १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. शिकवणाऱ्याला विचारा: कोर्सची विक्री बाजूला ठेवली तर तुमची कमाई किती? आणि जाहिरातीचा खर्च वजा करून उरते किती? स्क्रीनशॉटवर आलेले कमिशन दिसते, गेलेला खर्च दिसत नाही.

मग करायचे काय?

आमच्या बचत गटातल्या एका ताईचे उदाहरण सांगतो. त्या शिवणकाम करतात. मशीनचा धागा का तुटतो, मोटर कोणती बसवावी, कात्री कोणती टिकते, असे छोटे व्हिडिओ त्या मराठीत करतात आणि खाली लिंक देतात. जाहिरातीवर एक रुपयाही घातला नाही. पहिल्या वर्षी जवळजवळ काहीच मिळाले नाही. आता महिन्याला दोन-अडीच हजार मिळतात. यावर घर चालत नाही, हे त्याच सांगतात. पण शिलाईच्या कमाईला जोड मिळाली आणि कर्ज झाले नाही. विशेष म्हणजे, लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळते, हे त्या प्रत्येक व्हिडिओत बोलून दाखवतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार असे उघड सांगणे आवश्यक आहे. त्याने गिऱ्हाईक तुटले नाही, उलट विश्वास वाढला.

ज्यांना पेड ट्रॅफिक करायचेच आहे त्यांना आम्ही चार गोष्टी सांगतो. पहिली, जाहिरातीला पैसा फक्त आधी मिळालेल्या कमिशनमधून घाला, बचत गटातून किंवा सोने गहाण ठेवून कधीच नाही. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवायचा. त्या चौथ्या भागाला टेस्टिंगचा हात लागता कामा नये. दुसरी, किती रुपये गेल्यावर थांबायचे तो आकडा आधी लिहून ठेवा आणि घरातल्या एकाला दाखवा. तिसरी, रोज खर्च, क्लिक, विक्री, परत आलेल्या वस्तू आणि खात्यात जमा झालेले कमिशन असे पाच रकाने वहीत भरा. चौथी, जी वस्तू आपल्या बहिणीला घ्यायला सांगणार नाही, तिची लिंक ग्रुपवर टाकू नका. फसवणूक झालीच तर सायबर तक्रारीसाठी १९३० आणि ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हे क्रमांक आहेत. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार केली तर ते अडवण्याची शक्यता जास्त असते.

विहार समित्या आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनाही एक विनंती. उद्योजकतेची शिबिरे आपण घेतो, त्यात यशस्वी माणूस बोलावतो. एखाद्या वेळी ज्याचा हिशोब तोट्यात गेला त्यालाही वही घेऊन बोलवा.

आमचा तो तरुण आम्हाला सांगून त्याच्या बॅचमधल्या मुलांसमोर बोलला. फळ्यावर त्याने ३८,००० आणि ११,२०० हे दोन्ही आकडे लिहिले. मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यालाच विचारले. तो पुन्हा अभ्यासिकेत येऊ लागला आहे, संध्याकाळी एका दुकानाचा हिशोब लिहितो. आईचा हप्ता अजून सात महिने आहे, तो आता तोच भरतो.