थांबण्याचा आकडा

वजन उतरवणाऱ्याने 'आता पुरे' केव्हा म्हणावे? काफ्काच्या १९२२ सालच्या उपोषण-कलावंताच्या कथेत व्यवस्थापक ४० दिवसांची मर्यादा घालतो. कलावंताच्या प्रकृतीसाठी नव्हे, तर प्रेक्षकांचा उत्साह तेवढाच टिकतो म्हणून. कलावंताला पुढेच जायचे असते. पुढे मर्यादा उठते, तेव्हा दिवस मोजायलाही कोणी उरत नाही. आपलेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी बीएमआयचा २३ हा सावधतेचा टप्पा सुचवला (तोही लोकसमूहांसाठी). त्याखाली आल्यावरही काटा आणखी उतरावासा वाटतो, कारण दाद घटीला मिळते, स्थैर्याला नाही. माझ्या मते रक्तदाब आणि साखर ठीक असतील, जिना न धापता चढवत असेल, तर उतरण थांबवावी. ताटात घासभर वाढवून तेच वजन वर्षभर राखून पाहावे.