गिऱ्हाईक आलंय, खुर्ची द्या!

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. 'एकोणसत्तर' म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, इथे मी अजूनही दोन सेकंद अडते. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं. का, ते पुढे कळेलच.

आमचं गाव औसा तालुक्यात. माझी शाळा लातूरला झाली आणि इंजिनिअरिंगसाठी मी नांदेडला आले. सेकंड इयरला असताना आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी जाहीर केलं, "बाईला लॅपटॉप मीच घेऊन देणार." सोयाबीनचे पैसे हातात आले होते. ते बंडीच्या चोरखिशात ठेवून, धोतर-टोपीत, खांद्यावर उपरणं टाकून आबा एसटीने नांदेडला हजर!

आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. नाव सांगत नाही, कारण एकाचं सांगितलं तर बाकीचे सुटतील. दारातच मला फोन आला म्हणून मी बाहेर थांबले आणि आबा एकटेच आत गेले. काचेतून मला सगळं दिसत होतं. आत युनिफॉर्म घातलेली चार पोरं उभी, पण एकही जागचा हलला नाही. आबांनी एका लॅपटॉपवरून हलकेच हात फिरवला, तेव्हा मात्र एकजण धावत आला.

"ओ बाबा, हात नका लावू! कुणाला भेटायचंय?"

"लेकरा, लॅपटॉप बघायचाय."

"ते महाग असतंय," असं म्हणून तो परत मोबाईलमध्ये. बाजूच्या सोफ्यावर जीन्सवाले एक गृहस्थ बसून पाणी पीत होते. आबा उभेच!

माझं डोकं सणकलं. मी आत गेले आणि सिस्टर लोकांनी बारा वर्षं घासून घेतलेलं सगळं इंग्रजी एका दमात त्याच्यावर ओतलं. काय चमत्कार! एका मिनिटात खुर्ची आली, पाणी आलं, 'येस मॅम' सुरू झालं. मी विचारलं, यात रॅम नंतर वाढवता येते का? उत्तर आलं, "बेस्ट आहे मॅम." एसएसडी किती आहे? "तेही बेस्ट आहे मॅम." खरं म्हणजे तो माझ्यासोबतच समोरचं कार्ड वाचत होता. मात्र एक्स्टेंडेड वॉरंटी, बॅग, अँटीव्हायरस यांचं सगळं त्याला तोंडपाठ. वर बिल करायच्या आधीच मोबाईल नंबर द्या म्हणे.

आम्ही काही न घेता बाहेर पडलो. मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. चहाच्या गाड्यावर आबांनी विचारलं, "बाई, तू त्याला इंग्रजीत काय म्हणलीस?"

"तुम्हाला बसायला खुर्ची द्या म्हणलं."

"मग हेच मी मराठीत म्हणलो असतो तर खुर्ची आली नसती व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज मला माझीच वाटली. त्या पोराने माणूस बघून भाव केला, पण मीही त्याला तेच दाखवून दिलं की इंग्रजी येणाऱ्यालाच मान द्यायचा असतो!

आता याच्या उलट प्रसंग. लातूरची गंजगोलाई तुम्हाला माहीत असेलच. मधली ती गोल इमारत 1917 ची, आणि तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात. सोनं, कापड, चपला, मिरची, गूळ, सगळं तिथे मिळतं. तिथल्या एका जुन्या कापड दुकानात आम्ही गेलो, की आधी "या, बसा," मग पाणी, आणि मगच "काय दाखवू?" दुकानदार गादीवर, गिऱ्हाईकही गादीवर. एकदा त्यांनी भाव सांगितला "पाचशे एकोणनव्वद". माझा चेहरा बघून हसले आणि म्हणाले, "फाईव्ह एटी नाईन, बेटा!" मला मराठी आकडा येत नाही म्हणून त्यांनी माझं गिऱ्हाईक केलं नाही. ते माझ्या भाषेत आले. विक्रीची कला म्हणतात ती हीच नाही का?

पण जुनं ते सोनं, असंही मी म्हणणार नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी मी जास्त करून जुन्या दुकानांतच बघितली आहे. पक्कं बिल मागितलं की तिथेही कपाळाला आठ्या पडतात. म्हणजे मॉल वाईट आणि बाजारपेठ चांगली, इतकं हे सोपं नाही.

शिवाय एक तिसरी बाजू आहे, जी मला मागच्या दिवाळीत कळली. नांदेडला वजिराबादमध्ये एका ड्रेसच्या दुकानात एक मुलगी सावलीसारखी माझ्या मागे. मी हात लावेन तो ड्रेस ती काढून दाखवायची. शेवटी मी वैतागून म्हणाले, "मला एकटीला बघू द्या ना!" थोड्या वेळाने ट्रायल रूमच्या रांगेतून बघितलं, तर ती भिंतीला टेकून, एक पाय चपलेतून काढून उभी होती. मी म्हटलं, "बसा ना थोडं." तिने आधी वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बसायचं नाही आम्ही. सकाळी दहापासून उभी आहे. आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की सर आम्हालाच विचारतात."

माझ्याच वयाची मुलगी. ती माझ्या मागे मागे फिरत होती ते हौसेने नाही, भीतीने!

केरळमध्ये याच गोष्टीसाठी बायका लढल्या. कोझिकोडला पी. विजी यांनी दुकानांत काम करणाऱ्या बायकांना एकत्र केलं. मागणी काय, तर आम्हाला बसू द्या, आणि बाथरूमला जाऊ द्या! 2018 मध्ये केरळने कायदा बदलून कामगारांना बसायचा हक्क दिला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. आपल्या दुकानदारांनी एक स्टूल ठेवायला कायद्याची वाट कशाला बघायची? स्टूल काय सोयाबीनच्या पोत्याएवढं महाग आहे?

मला वाटतं, या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. ज्या पोराला ना कुणी मालाची माहिती दिली, ना बसायला स्टूल, ना धड पगार, तो धोतरवाल्या आबांना खुर्ची कुठून देणार? त्याला फक्त 'टार्गेट' शिकवलंय. मग तो कपडे बघून अंदाज बांधतो. म्हणून भांडायचं तर त्या पोराशी नाही, मालकाशी भांडा. आणि नुसतं तावातावाने नाही, माहिती घेऊन भांडा.

आपल्याकडे ग्राहक चळवळ काही आजची नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. तो सांगतो की बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा! (नुसता रंग आवडला नाही म्हणून नाही हं. माल सदोष पाहिजे.) मोबाईल नंबरसाठी अडवून धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलंय. तक्रारीसाठी 1915 हा नंबर आहे. आपण मात्र शंभर रुपयांच्या रिचार्जवरून कस्टमर केअरशी अर्धा तास भांडतो, आणि हा चार आकडी नंबर वर्गात किती जणांना माहीत असतो?

शेवटी माझा लॅपटॉप लातूरलाच एका लहान दुकानातून घेतला. दुकानदाराने आबांना बसवलं, मशीन त्यांच्यासमोर उघडलं आणि रॅम म्हणजे काय ते मराठीत समजावलं. आबांनी पक्कं बिल मागून घेतलं, घडी घातली आणि चोरखिशात ठेवलं. हा लेख त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. दुकानात गेले की आधी मराठीत बोलते, मग समोरचा कसाही वागो. आणि समोरची मुलगी थकलेली दिसली की मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "ताई, बसून दाखवा ना, मला काही घाई नाही."

तुम्हीही एकदा म्हणून बघा. फार तर काय, मालक आठ्या घालेल. पण बघता बघता एखादं स्टूल येईलसुद्धा!